बिल्ल्याला डाग आहे

भिंगवाल्या काकूंकडे कुणी बिल्ला घेऊन आलं की त्या आधी तो पालथा घालायच्या. समोरची बाजू बघायच्याच नाहीत. गिऱ्हाईक बिचारं घासूनपुसून, चकाकवून, मखमलीत गुंडाळून बिल्ला आणायचं, आणि काकू तो हातात घेतल्या घेतल्या उलटा करून दिव्याखाली धरायच्या. कुणी फारच हिरमुसलं तर म्हणायच्या, "तोंड काय, फोटोपुरतं सगळ्यांचंच बरं असतं. दुखणी पाठीत असतात."

दुकान नवराबायको दोघांचं. पुढच्या भागात काका गणवेश शिवायचे: पहारेकऱ्यांचे, बँडवाल्यांचे, हॉटेलच्या दारात सलाम ठोकणाऱ्यांचे. मागे पडद्याआड काकूंचं टेबल, त्यावर वाकड्या मानेचा दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, सुया, आणि कापसाचा एक मोठा गोळा. काकांचे वडील छावणीसाठी शिवायचे, तेव्हा उसवायला आलेल्या जुन्या कोटांबरोबर बिल्ले यायचे. काकू लग्न होऊन आल्या, त्यांनी तो बिल्ल्यांचा डबा पहिल्यांदा उघडला आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. सासूबाईंनी तेव्हाच ओळखलं की ही काही पोळ्यांच्या कामाची नाही.

काम सांगायला सोपं होतं. जुना लष्करी बिल्ला बघायचा आणि त्यात मूळचं किती, नंतर केलेलं किती, ते सांगायचं. ऐकणाऱ्याला मात्र ते क्वचितच रुचायचं. मागेच दाताचे डॉक्टर एक बिल्ला घेऊन आले, निळ्या मिन्याचा, एकही टवका न उडालेला. डॉक्टर खुशीत होते. काकूंनी निळ्या भागावर सुईचं टोक हलकेच टेकवलं. खरा मिना म्हणजे भट्टीतली काच, त्यावर सुई घसरते. इथे ती रुतली.

"डॉक्टर, हे तुमच्या फिलिंगसारखं झालंय," काकू म्हणाल्या. "काम झकास आहे, पण दात नाही."

डॉक्टर मनापासून हसले, हे त्यांचं मोठेपण. सगळे हसत नाहीत.

आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्याच्यामुळे झाली. काकूंच्या माहेरी दागिने दुरुस्तीचा धंदा. त्या घरात डाग म्हणजे एकच गोष्ट: दोन धातूंना जोडायला मध्ये वितळवून सोडलेला थेंब. साखळी तुटली, डाग द्या. कुडीची दांडी निघाली, डाग द्या. पण आपल्या भाषेनं एकेका शब्दात किती बिऱ्हाडं ठेवावीत? कपड्यावर पडतो तोही डाग, नावाला लागतो तोही डाग, आणि जुन्या बायकांच्या तोंडी तर अख्खा दागिनाही डागच. काकूंनी एकदा कुणाच्या सुनेला सांगितलं होतं, "तुमच्या सासूबाईंच्या डागाला डाग आहे, पण डाग नाही." म्हणजे दागिना जोडलेला आहे, पण काळा पडलेला नाही. सूनबाईंनी घरी जाऊन काय सांगितलं देव जाणे. सासूबाई पुढे कित्येक दिवस दुकानावरून तोंड फिरवून जायच्या.

"अगं, जोड म्हण, सांधा म्हण," काका सांगून सांगून थकले. "शब्दांचा काय दुष्काळ पडलाय?"

"सांधे गुडघ्याला असतात," काकू म्हणायच्या. "धातूला डागच."

संपलं. काकांनी तिथे हात टेकले होते.

तर एका दुपारी बिगुलमास्तर आले. मास्तर म्हणजे गल्लीतल्या ब्रास बँडचे गुरू. त्यांच्या हाताखाली बेकरीवाला होता, ट्रकचा ड्रायव्हर होता, दाताचे डॉक्टरही होते, आणि सगळे मिळून इतकं मनापासून वाजवायचे की लोक खिडक्या लावून घ्यायचे. मास्तर स्वतः मात्र अस्सल. वडील पलटणीत बिगुलवाले होते, ती फुंकर मुलात उतरली होती.

"वहिनी," मास्तरांनी खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली, "आईनं दिला एकदाचा. वर्षभर मागे लागलो होतो."

डबीत कापसावर पितळी बिल्ला होता. पानांच्या वेलीत बिगुल, खाली पलटणीचं नाव, अक्षरं घासून घासून जवळजवळ सपाट झालेली.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये नवीन काचेचं कपाट बसवलं होतं. रविवारी ते उघडायचं होतं, आणि पलटणीतल्या घरांनी आपापले बिल्ले त्यात ठेवायचे होते. मागे कुणीतरी बाजारातला नवाकोरा बिल्ला आजोबांचा म्हणून आणून दिला होता, त्यामुळे हॉलचे सेक्रेटरी दुधानं तोंड पोळल्यासारखे झाले होते. त्यांनी नियमच केला: प्रत्येक बिल्ला आधी काकूंनी बघायचा, आणि त्यात काही दुरुस्ती निघाली तर ती सगळ्यांसमोर मोकळेपणानं सांगायची. दुरुस्ती चालेल, लपवाछपवी चालणार नाही.

"बाबांच्या नावाची पाटी रंगवून झाली," मास्तर म्हणाले. "त्यांची सकाळची धून आम्ही वाजवणार आहोत. बेकरीवाल्याचा तो वरचा सूर तेवढा लागत नाही, बाकी तयार आहे. वहिनी, बाबा पलटणीबद्दल कधी बोलले नाहीत. एक शब्द नाही. हा बिल्ला कपाटात लागला ना, की झालं माझं."

ते हसतच बोलले, पण डबी ठेवताना त्यांनी ती काकूंच्या हातावर क्षणभर दाबून धरली. काकूंना ते कळलं.

शुक्रवारी सकाळी काकूंनी बिल्ला पालथा घातला, भिंग डोळ्याला लावलं आणि बघता बघता त्यांच्या तोंडावर हसू आलं.

पाठीवर मधोमध उभी पट्टी होती. अशी पट्टी टोपीच्या खाचेत सरकवली की बिल्ला बसतो. पण ही पट्टी बिल्ल्याच्या पितळेपेक्षा जरा लालसर होती, म्हणजे दुसऱ्याच पत्र्यातून कापलेली. तिच्या खालून जुन्या, कापून टाकलेल्या पट्टीची कड बारीकशी दिसत होती. आणि पट्टीच्या डाव्या-उजव्या बाजूला, आडव्या ओळीत, दोन चिमुकले ठिपके होते, कानशीनं घासून सपाट केलेले. काकूंनी तिन्ही ठिकाणी सुई टेकवून पाहिली. डाग शिशाचा होता, मऊ, राखाडी, आतपर्यंत मंद पडलेला. आजकालचा असता तर चमकला असता.

"दोन हात आहेत," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"सगळ्यांनाच असतात," पडद्यापलीकडून काका म्हणाले.

"दोन माणसांचे हो. हे ठिपके कारागिराचे, मोजून मापून दिलेले. आणि पट्टीखाली जो गोळा आहे तो हौशी माणसाचा. एवढा डाग ओतलाय की त्यात सायकल जोडून झाली असती."

त्या दोन ठिपक्यांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. एकावर पिनेची बिजागरी बसते, दुसऱ्यावर तिचा आकडा. टोपीला पिन लागत नाही. पिन लागते अंगावरच्या कपड्याला. म्हणजे हा बिल्ला मधे काही काळ टोपीवर नव्हताच, कुणीतरी अंगावर लावत होतं. कोण, ते मास्तरांना समोर बसवूनच विचारायचं, असं काकूंनी ठरवलं. असल्या गोष्टी फोनवर सांगून मजा जाते.

त्यांना भाचीला बसस्टँडवर सोडायला जायचं होतं. निघताना त्यांनी काकांना बजावलं, "मास्तरांचा फोन आला तर सांगा, बिल्ला अस्सल आहे. मागे डाग आहे, जुना आहे, पण लपवलेला नाही. हॉलमध्ये तेवढं सांगावं लागेल. बाकी मी भेटून बोलते."

"हं," काका म्हणाले. ते एका लठ्ठ दारवानाच्या कोटाला टाचण्या लावत होते आणि उरलेल्या टाचण्या त्यांनी ओठांत धरल्या होत्या.

शनिवारी सकाळी गल्ली शांत होती. काकूंना आधी बरं वाटलं, मग खटकलं. रोज या वेळेला बेकरीवाला वरच्या सुरासाठी झगडत असायचा. आज तोच दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, पडलेल्या तोंडानं.

"तालीम बंद झाली," तो म्हणाला. "मास्तर म्हणाले, उद्या काही वाजवायचं नाही. वडिलांची पाटीसुद्धा काढून ठेवायला सांगितली हॉलमध्ये. काय झालं विचारलं तर म्हणाले, काकूंना विचारा, त्यांनीच शोधून काढलंय."

काकूंनी पडदा बाजूला केला. "अहो."

काकांनी मशीन थांबवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या 'अहो'चे सगळे प्रकार त्यांना पाठ होते, आणि हा त्यातला वाईट होता.

"फोन आला होता का?"

"आला होता की. सांगितलं मी."

"काय सांगितलं? शब्द न् शब्द सांगा."

"तू सांगितलंस तेच. फक्त तोंडात टाचण्या होत्या ना, मग थोडक्यात सांगितलं. म्हटलं, बघितला तिनं. डाग आहे. जुना आहे. लपवता येणार नाही म्हणाली. हॉलमध्ये सांगावं लागेल."

"आणि अस्सल आहे ते?"

काकांनी आठवून पाहिलं. "ते राहिलं बहुतेक. पण मास्तरांनी विचारलं नक्की का, तेव्हा मी म्हटलं ना, ती कधी चुकली आहे का?"

वाहवा. ध चा मा करायलाही लोकांना एक अख्खं अक्षर लागतं, आमच्या काकांचं चार टाचण्यांत भागलं. काकूंना एकदम मास्तरांचा डबी दाबून धरणारा हात आठवला. एका माणसाला बापाचं नाव कपाटात लागलेलं बघायचं होतं आणि त्याला आपण सांगून बसलो होतो की तुझ्या बापाच्या नावाला डाग आहे, उद्या चारचौघांत जाहीर कर. चूक टाचण्यांची होती, पण शब्द त्यांचा होता.

त्यांनी डबी आणि भिंग पिशवीत टाकलं आणि चपला चढवल्या. "मी पण येतो," काका म्हणाले. "तुम्ही दारवानाचा कोट पुरा करा," काकू म्हणाल्या, "आणि दारावर पाटी लावा, इथे निरोप घेतले जाणार नाहीत."

मास्तर घरात जुन्या टेबलाशी बसले होते. बिगुल फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली, पाणी आणलं, सगळं रीतसर, आणि ते रीतसरपणच काकूंना सहन होईना.

"मास्तर, आधी माझं ऐका."

"नको वहिनी. तुम्ही तुमचं काम केलंत. मला कुठेतरी माहीत होतंच." मास्तर खाली बघून बोलत होते. "मी लहान होतो तेव्हा बाबांचा एक जुना सोबती घरी आला होता. दारातून मी ऐकलं. तो म्हणाला, तुला चौकीत बसवलं होतं ते दिवस आठवतात का. बाबांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. पलटणीच्या चौकीत कुणाला बसवतात, वहिनी? ज्यानं काहीतरी केलंय त्याला. मी आयुष्यभर विचारलं नाही, भीती वाटायची. आता बिल्ल्यावरच निघालं म्हटल्यावर काय."

"बिल्ल्यावर काय निघणार, तिथे काय पोलिसांचा शिक्का असतो?" काकूंचा पारा चढला, स्वतःवरच. त्यांनी डबी उघडली, बिल्ला पालथा करून मास्तरांच्या नाकासमोर धरला. "हा बघा डाग. हा राखाडी गोळा. पट्टी जोडायला दिलेला. शिसं आहे हे, शिसं. आमच्याकडे याला डाग म्हणतात. माझे वडील म्हणायचे, त्यांचे वडील म्हणायचे. तुमच्या वडिलांच्या नावाशी याचा काडीचा संबंध नाही. बिल्ला शंभर नंबरी आहे. डाग जुना आहे आणि लपवलेला नाही, असं मी सांगितलं होतं. आमच्या ह्यांनी त्यातलं निम्मं गिळलं."

मास्तर बिल्ल्याकडे बघत राहिले. "शिसं," ते म्हणाले.

"शिसं."

"म्हणजे मी काल रात्रभर शिशासाठी तळमळत होतो?"

आणि मग ते हसायला लागले, थांबेचनात. काकूही हसल्या. डोळे पुसता पुसता मास्तर म्हणाले, "पण मग चौकी?"

"ती मी सांगते," आतून आवाज आला.

मास्तरांची आई दारात उभी होती, नव्वदीच्या घरातली, भिंतीला हात लावून. गल्ली तिला आजी म्हणायची. तिनं सगळं ऐकलं होतं; कानानं अधू आहे असं ती फक्त नको ते ऐकायचं नसलं की सांगायची.

"डाग आहे," आजी म्हणाल्या. "या बाई म्हणतात तोही आहे आणि तू समजलास तोही आहे. पण तो त्यांचा नाही, माझा आहे."

मास्तरांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. आजींनी बिल्ला मागून घेतला आणि काकूंसारखाच आधी पालथा केला.

"लग्नाला थोडे दिवस झाले होते आणि ते परत निघाले. फोटो एकही नव्हता माझ्याकडे. लग्नातला होता, त्यात नेमके यांनी डोळे मिटलेले. निघायच्या सकाळी ते दाढी करत होते, टोपी खुंटीला होती. मी बिल्ला काढला आणि पिठाच्या डब्यात टाकला. एवढंच."

"आणि बाबांना कळलं नाही?"

"न कळायला काय झालं. टोपी घालताना रोज बिल्ल्यावरून अंगठा फिरवायची सवय होती त्यांना. त्या दिवशीही फिरवला. थांबले. माझ्याकडे बघितलं. मी पिठात हात घालून उभी, नखशिखांत घाबरलेली. काही बोलले नाहीत. टोपी घातली आणि गेले." आजींनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "तिथे विचारलं, बिल्ला कुठे आहे. म्हणाले, हरवला. बिल्ला हरवणं तेव्हा साधं नव्हतं. चौकीत बसवलं. बायकोनं घेतला म्हणाले असते तर साहेबांनीसुद्धा हसून सोडून दिलं असतं."

"मग का नाही म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"मी पण हेच विचारलं, पुढे. तर म्हणाले, सगळी पलटण तुझ्यावर हसली असती."

काकूंनी भिंग काढून उगाचच पुसलं.

"भांडी जोडणारा यायचा त्याच्याकडून पट्टी कापून पिन लावून घेतली," आजी पुढे म्हणाल्या. "शालीला आतून लावायचे. वरून कुणाला दिसायचा नाही."

"दोन ठिपके," काकू म्हणाल्या. "मोजून मापून दिलेले. चांगला कारागीर होता तो."

"पलटणीनं यांना दुसरा बिल्ला दिला, पण सुटून निघताना तो परत घेतला. सगळं जमा करून घेतात. ते रिकामी टोपी घेऊन घरी आले आणि खुंटीला अडकवली. मी शाल उलटी केली. इतके हसले, इतके हसले की शेजारीण बघायला आली. मग म्हणाले, मीच जोडतो आता. बसले इथेच, या टेबलावर. कधी हातात डाग द्यायची डागणी धरलेली नाही. बोट भाजून घेतलं, टेबल जाळलं, पण पिन काढून, घासून पट्टी बसवली."

मास्तरांनी टेबलावरचा पेला उचलला. त्याच्याखाली एक काळा, खोलगट चट्टा होता. "हा? मला तर सांगितलं होतं, मी लहानपणी तापलेलं भांडं ठेवलं."

"तू रांगत होतास," आजी म्हणाल्या. "कुणावर तरी घालायला हवं होतं."

मास्तरांनी बाहीनं डोळे पुसले, आणि ते हसत होते की काय करत होते ते काकूंना नीट कळलं नाही. मग ते एकदम म्हणाले, "आई, हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सरकारी माल तो. चोरलेला. परत नेला असता तर?" आजींनी बिल्ला मुठीत घेतला. त्यांची खरी भीती ही होती आणि आजही ती संपलेली नव्हती. "उद्या सगळ्यांसमोर सांगायचं म्हणता. नेतील का हो परत?"

काकूंनी त्यांच्या मुठीवर हात ठेवला. "आजी, त्यांच्या हिशेबी हा कधीचाच हरवलाय. दुसरा त्यांनी मागून घेतला, तो कुठे वितळला कुणास ठाऊक. तुम्ही घेतला नसता तर आज कपाटात ठेवायला तुमच्या घरात काय असतं? रिकामी टोपी."

आजींनी यावर बराच विचार केला. "तर मग मीच सांगते उद्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. निरोपात गडबड होते."

रविवारी हॉल भरला होता. बँड एका बाजूला, काका आपण शिवलेल्या गणवेशांकडे समाधानानं बघत मागच्या रांगेत, सेक्रेटरी कपाटाची किल्ली हातात घेऊन. मास्तरांच्या वडिलांची पाटी पुन्हा जागेवर लागली होती. बिल्ल्याची पाळी आली तशा काकू उभ्या राहिल्या.

"बिल्ला अस्सल," त्या म्हणाल्या. "मूळ पट्टी कापलेली. मागे तीन ठिकाणी डाग..." मागच्या रांगेतून काकांचा खोकला आला. काकूंनी तिकडे बघितलं, मान वर केली आणि आवाज चढवला. "डाग आहेत. जुने आहेत. कसे पडले ते घरचं माणूस सांगेल."

आजी मुलाच्या हाताला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. पिठाचा डबा, अंगठा, चौकी, शाल, सगळं. पलटणीतली उरली होती ती म्हातारी माणसं पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली, भरपूर हसली, आणि त्यातला एकजण हसता हसता उठला आणि त्यानं आजींना सलाम केला. मग एकेक करून सगळेच उठले. ज्या हसण्यापासून तिला वाचवायला तो माणूस चौकीत बसला होता ते हसणं असं होतं, हे त्याला कळलं असतं तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटून गेलं.

सेक्रेटरींनी बिल्ला कपाटात ठेवला, इतरांसारखाच, बिगुल पुढे करून.

"असा नको," आजी म्हणाल्या. "पाठ दिसायला हवी."

"आजी, पण मग बिगुल दिसणार नाही. लोक काय बघणार?"

दोन्हीकडून पटण्यासारखं होतं, त्यामुळे सगळे नुसतेच उभे राहिले. तेवढ्यात मागून काका वाट काढत पुढे आले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दुकानातला हातआरसा काढला, गिऱ्हाइकाला कोटाची पाठ कशी बसली ते दाखवायचा. काही न बोलता त्यांनी तो बिल्ल्याच्या मागे कलता टेकवून ठेवला. समोरून बिगुल दिसत होता, आरशात पाठ दिसत होती: दोन नेटके ठिपके आणि मधे तो ओबडधोबड राखाडी गोळा.

"आज टाचण्या नाहीत वाटतं तोंडात," काकू हळूच म्हणाल्या.

"तोंड उघडलंच नाही," काका म्हणाले. "शिकलो."

मास्तरांनी बिगुल ओठाला लावला. वडिलांची सकाळची धून हॉलभर पसरली, स्वच्छ, आणि मागून बेकरीवाल्यानं त्या वरच्या सुरावर झडप घातली. नाहीच लागला. मास्तरांना त्या दिवशी त्याचंही काही वाटलं नाही.

आजी काचेला नाक टेकवून आरशात बघत होत्या. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या तशा त्यांनी न वळता विचारलं, "बाई, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. यांच्या हाताला काही सराव नव्हता. हा डाग निघायचा तर नाही ना?"

काकूंनी भिंग लावलं नाही, वाकून पाहिलंही नाही.

"नाही आजी," त्या म्हणाल्या. "हा आता निघत नाही."